चॅटबॉटच्या वापराचा पर्यावरणावरील भार: आपल्या घराचा हिशेब कसा मांडावा आणि तो नेमका कुठे कमी करावा

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या कार्यालयात श्रावणातल्या एका संध्याकाळी गणेशोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेचे काम चालले होते. माझ्या भाचीने फोनवरच्या चॅटबॉटला चित्र काढायला सांगितले. गणपती सुरेख आला, मखरही मनाजोगते आले, पण खाली लिहिलेल्या ‘गणेशोत्सव’ या शब्दातला ‘त्स’ काही केल्या नीट उमटेना. कधी ‘गणेशोसव’, कधी ‘गणेशात्सव’, तर कधी देवनागरीसारखी दिसणारी नुसतीच नक्षी. चूक दिसली की ती पूर्ण चित्र पुन्हा काढून घेत असे. सव्विसाव्या चित्राला आम्ही नाद सोडला, पहिलेच चित्र घेतले आणि त्यावर फोटो सजवण्याच्या साध्या ॲपमधून अक्षरे टाकली. काम दोन मिनिटांत झाले. फोन खाली ठेवताना भाचीने विचारले, “आत्या, या सव्वीस चित्रांना किती वीज लागली असेल गं?”

त्या प्रश्नामुळे आम्ही घरात सात दिवसांची वही घातली. त्या वहीतून जे हाती आले, ते आणि त्यामागची रीत इथे पायरीपायरीने मांडते आहे. कोणत्याही घराला, शाळेला किंवा छोट्या कार्यालयाला हा हिशेब एका आठवड्यात करता येतो. मला त्यातून पटलेली गोष्ट अशी की, लिहून विचारलेल्या एका साध्या प्रश्नाचा भार फार लहान असतो आणि खरा भार तीन-चार विशिष्ट सवयींत साठलेला असतो. त्या सवयी ओळखल्या नाहीत, तर माणूस प्रत्येक प्रश्नाला अपराधी वाटून घेतो आणि जिथे कमी करायला हवे तिथे मात्र काहीच कमी करत नाही.

आधी वीज कुठे लागते ते समजून घ्यावे

आपण प्रश्न पाठवला की तो एखाद्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरकडे जातो. तिथे एनव्हिडियाच्या एच१०० सारख्या चिप असतात. अशी एक चिप पूर्ण भाराने चालली की ७०० वॅटपर्यंत वीज खाते, म्हणजे घरातल्या जुन्या पद्धतीच्या नऊ पंख्यांइतकी. अशा आठ चिपचा एक सर्व्हर जास्तीत जास्त १०.२ किलोवॅट घेतो. अर्थात हा सर्व्हर एकाच वेळी अनेकांची उत्तरे तयार करत असतो, म्हणून एका प्रश्नाच्या वाट्याला त्याचा अगदी छोटा अंश येतो.

उत्तर एकदम तयार होत नाही, ते तुकड्यातुकड्याने तयार होते. या तुकड्यांना टोकन म्हणतात. पुढचे प्रत्येक टोकन काढण्यासाठी चिपला गणिताची पूर्ण फेरी मारावी लागते. त्यामुळे उत्तर जितके लांब, तितकी वीज जास्त, ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुढचे अर्धे काम सोपे होते. आपण वाचायला दिलेला मजकूर लांब असेल, तरी हाच नियम लागू पडतो.

चिप तापतात, त्यांना थंड ठेवावे लागते. काही ठिकाणी हे काम चिलर आणि पंखे करतात, त्यात वीज जाते. काही ठिकाणी कूलिंग टॉवरमध्ये पाण्याची वाफ होऊ दिली जाते, त्यात पाणी जाते. शिवाय ती वीज औष्णिक केंद्रातून आली असेल, तर तिथेही पाणी खर्च झालेले असते. याखेरीज मॉडेल, म्हणजे उत्तर तयार करणारी प्रणाली, शिकवण्याचा खर्च आहेच. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात जीपीटी-३ या मॉडेलच्या प्रशिक्षणाला सुमारे १,२८७ मेगावॅट-तास वीज लागल्याचा आणि त्यातून सुमारे ५५२ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडल्याचा अंदाज दिला आहे. महिन्याला ३०० युनिट वापरणारी साधारण ३५० कुटुंबे वर्षभरात जितकी वीज वापरतील, तितकी ही वीज आहे.

मुंबईकरांच्या दृष्टीने हा विषय लांबचा नाही. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेपैकी जवळपास निम्मी क्षमता मुंबई आणि नवी मुंबईत आहे. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार इथे आहेत, म्हणून ही केंद्रेही इथेच वाढली. मुलुंडहून खाडीपूल ओलांडला की ऐरोली, रबाळे, महापे हा सारा पट्टा लागतो. त्याच खाडीत रोहित पक्षी उतरतात आणि २०२२ पासून ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा आहे. आपण विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ऐरोलीतच तयार होते असे मुळीच नाही. बरेच प्रश्न परदेशातल्या सर्व्हरवर जातात. परंतु जे काम इथे होते, त्याची वीज आपल्याच जाळ्यातून येते. त्या जाळ्यात खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथली जलविद्युत आहे, तशीच ट्रॉम्बे आणि डहाणू इथली कोळशाची वीजही आहे. ट्रॉम्ब्याच्या केंद्राशेजारी माहुलची वस्ती आहे आणि तिथल्या हवेबद्दल मुंबईकराला वेगळे सांगायची गरज नाही. भारतीय वीजजाळ्यातल्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हा आकडा पुढच्या सगळ्या हिशेबात वापरायचा आहे.

कोणते आकडे धरावेत

इथे बहुतेकांचा गोंधळ उडतो, कारण एकमेकांशी न जुळणारे आकडे सगळीकडे फिरत असतात. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले की त्यांच्या जेमिनी या चॅटबॉटला लिहून विचारलेल्या एका मध्यम प्रश्नाला ०.२४ वॅट-तास वीज (हजार वॅट-तास म्हणजे विजेच्या बिलातले एक युनिट), ०.२६ मिलिलिटर पाणी आणि ०.०३ ग्रॅम कार्बन लागतो. ओपनएआयचे सॅम ऑल्टमन यांनी जून २०२५ मध्ये चॅटजीपीटीच्या सरासरी प्रश्नासाठी ०.३४ वॅट-तास हा आकडा दिला. त्याआधी काही वर्षे एका प्रश्नाला सुमारे ३ वॅट-तास, म्हणजे गूगलच्या साध्या शोधाच्या दसपट, असे सर्रास सांगितले जात असे; तो अंदाज जुन्या चिप आणि जुनी मॉडेल गृहीत धरून केलेला होता.

पाण्याच्या आकड्यांत तर याहून मोठी तफावत आहे. फ्रान्सच्या मिस्त्राल कंपनीने जुलै २०२५ मध्ये आपल्या मोठ्या मॉडेलचा लेखाजोखा दिला, त्यात ४०० टोकनच्या, म्हणजे साधारण पानभर उत्तरामागे ४५ मिलिलिटर पाणी आणि १.१४ ग्रॅम कार्बन धरला आहे. गूगलच्या पाण्याच्या आकड्यापेक्षा तो पावणेदोनशे पटींनी मोठा आहे. यात कोणी खोटे बोलते आहे असे नाही. गूगलने डेटा सेंटरच्या आवारात थंडाव्यासाठी खर्च झालेले पाणी मोजले; मिस्त्रालच्या हिशेबाची चौकट त्याहून बरीच रुंद आहे. तसेच कार्बन मोजताना गूगलने विकत घेतलेल्या हरित विजेची वजावट केली आहे. म्हणून कोणताही आकडा वाचताना पहिला प्रश्न हा विचारावा, की हिशेबाची सीमा कुठे आखली आहे.

घरच्या वहीसाठी मी लिखित प्रश्नाला ०.३ वॅट-तास धरले आणि त्यावर ०.७ किलोचा आपल्या जाळ्याचा गुणक लावला. हे मोजमाप दिशा दाखवण्यापुरते आहे, दशांशापर्यंत अचूक नाही. पण सवयी बदलायला दिशा पुरेशी असते.

सात दिवसांची वही

एक साधी वही घ्यावी आणि ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर, सगळ्यांच्या हाताशी ठेवावी. पानावर पाच रकाने आखावेत: साधा लिखित प्रश्न, ‘सखोल विचार’ चालू ठेवून विचारलेला प्रश्न, चित्र, लांबलचक कागदपत्र आणि व्हिडिओ. घरातल्या प्रत्येकाने रात्री झोपण्यापूर्वी आपापल्या फोनवरचा त्या दिवसाचा संवाद उघडून मोजावा आणि रकान्यात रेघा ओढाव्यात. आठवून लिहू नये. पहिल्या दिवशी माझ्या भावाने अंदाजाने ‘चार-पाच’ सांगितले होते, प्रत्यक्षात ॲपमध्ये एकोणीस निघाले.

आठवड्याच्या शेवटी प्रत्येक रकान्याला वजन द्यावे. साध्या प्रश्नाला ०.३ वॅट-तास. सखोल विचाराच्या प्रश्नाला मी दसपट, म्हणजे ३ वॅट-तास धरले, कारण उत्तर देण्याआधी मॉडेल स्वतःशीच पानेच्या पाने लिहिते. जर्मनीतल्या संशोधकांनी २०२५ मध्ये केलेल्या तुलनेत अशा मॉडेलचे उत्सर्जन थोडक्यात उत्तर देणाऱ्या मॉडेलच्या ५० पटींपर्यंत जाते असे आढळले. चित्राला सुमारे ३ वॅट-तास, कारण अनेक मॉडेलांची मोजणी केलेल्या एका अभ्यासात हजार चित्रांमागे सरासरी २.९ युनिट वीज लागली. दोनशेएक पानांपर्यंतचे कागदपत्र वाचायला दिले तर जास्तीत जास्त सुमारे ४० वॅट-तास, हा एपॉक एआय या संस्थेचा २०२५ मधला अंदाज. आणि पाच सेकंदांच्या एका व्हिडिओला सुमारे ९५० वॅट-तास, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण युनिट. हा शेवटचा आकडा एका मुक्त व्हिडिओ मॉडेलवर प्रत्यक्ष मोजलेला असून तो एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. इतर मॉडेलांत तो कमी-अधिक असेल, पण ‘व्हिडिओ सर्वांत जड’ हा क्रम बदलत नाही.

आमच्या चौघांच्या घरात त्या आठवड्यात ३१२ साधे प्रश्न, २० सखोल प्रश्न, १८ चित्रे, एक भलामोठा करारनामा आणि तीन व्हिडिओ एवढी नोंद झाली. गुणाकार केल्यावर साध्या प्रश्नांचे ९४ वॅट-तास, सखोल प्रश्नांचे ६०, चित्रांचे ५४, करारनाम्याचे ४० आणि तीन व्हिडिओंचे २,८५० वॅट-तास झाले. एकूण सुमारे ३.१ युनिट, आणि त्यातला ९२ टक्के भाग भाचीने कॉलेजच्या प्रकल्पासाठी काढलेल्या पंधरा सेकंदांचा! ते व्हिडिओ वगळले तर चार माणसांच्या आठवडाभराच्या वापराला पाव युनिट लागले, म्हणजे जुना पंखा सव्वातीन तास फिरवण्याइतके. हे आकडे वहीत समोर आल्यावर भाची बराच वेळ गप्प होती. मलाही ते अनपेक्षित होते, कारण मी स्वतः दिवसभर सोसायटीची पत्रे आणि इतिवृत्ते चॅटबॉटकडून नीट करून घेते आणि दोष माझ्याच रकान्यात निघणार असे मी धरून चालले होते.

पाण्याचाही हिशेब केला. ३३२ लिखित प्रश्नांना गूगलच्या मोजमापाने कटिंग चहाच्या एका ग्लासाइतके पाणी लागते आणि मिस्त्रालच्या मोजमापाने साधारण एक बादली. आठवड्याला एक बादली हा आकडा घराला मोठा नाही. पाणी कोणत्या धरणातून आणि कोणत्या महिन्यात उचलले जाते, हे मात्र महत्त्वाचे आहे. जून २०२४ मध्ये तलावांतला साठा खालावल्यामुळे मुंबईत दहा टक्के पाणीकपात झाली होती. नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्याला जे बारवी धरण पाणी पुरवते, त्याच धरणावर ठाणे जिल्ह्यातल्या अनेक वस्त्यांची तहान भागते. मेमहिन्यातली बादली आणि ऑगस्टमधली बादली यांची किंमत सारखी नसते.

विचारण्याची रीत बदलावी

वही झाली की सवयींकडे वळावे. लिखित प्रश्नांत बचत थोडीच आहे, पण ती रोज होते आणि तिच्यामुळे उत्तरही चांगले मिळते, म्हणून ती आधी घेते.

विचारायचे काय आहे ते आधी मनाशी नक्की करून एकाच संदेशात सगळे लिहावे: कोणासाठी, किती लांबीचे, कोणत्या सुरात. “सोसायटीच्या सभासदांसाठी पाण्याची टाकी धुण्याची सूचना, ६० शब्दांत, तारीख आणि वेळ वर” असे लिहिले की एका फेरीत काम होते. “सूचना लिहून दे” एवढेच लिहिले, तर पानभर मजकूर येतो, मग ‘छोटी कर’, मग ‘इतकी छोटी नको’, असे चार-पाच संदेश होतात. लांब उत्तर नको असेल तर शब्दमर्यादा सांगावी, कारण वर सांगितल्याप्रमाणे भार टोकनगणिक वाढतो.

संवादाचा विषय बदलला की नवा संवाद उघडावा. जुन्याच संवादात प्रश्न विचारत राहिले, तर दर वेळी आधीचा सगळा मजकूर मॉडेलपुढे पुन्हा जातो. कंपन्या आधी वाचलेला भाग साठवून ठेवतात, त्यामुळे प्रत्येक फेरीला पूर्ण किंमत पडत नाही, पण ओझे वाढतेच. शिवाय सकाळच्या स्वयंपाकाच्या गप्पा दुपारच्या हिशेबात मिसळून उत्तर बिघडते ते वेगळेच.

लांब कागदपत्रांच्या बाबतीत आमच्या घरचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. सोसायटीच्या पुनर्विकासाचा १४० पानी मसुदा भावाने संपूर्ण चॅटबॉटला दिला आणि विचारले की भाड्याचे पैसे किती महिन्यांचे आगाऊ मिळणार. मसुद्याला अनुक्रमणिका होती. भाड्याचे कलम दीड पानांचे होते. तेवढीच दीड पाने दिली असती, तर भार साध्या प्रश्नाच्या आसपास राहिला असता आणि उत्तर चुकण्याची शक्यताही कमी झाली असती. (सभासदांची नावे आणि खाते क्रमांक असलेला मसुदा असा बाहेर पाठवू नये, ही गोष्ट पर्यावरणापेक्षाही आधीची आहे.)

सखोल विचाराची सोय गणित, कायद्याची गुंतागुंत किंवा प्रोग्रॅममधली चूक शोधणे अशा कामांसाठी राखावी. पत्रातले शुद्धलेखन तपासायला तिची गरज नाही. वहिनी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. तिच्या ॲपमध्ये ही सोय कायमची चालू राहिली होती आणि ‘विरुद्धार्थी शब्दांचे दहा प्रश्न दे’ यासाठीही मॉडेल मिनिटभर विचार करत बसत असे. वहीतले वीसही सखोल प्रश्न तिचेच होते. तिने ती बंद केली आणि प्रश्नपत्रिकेत कोणताही फरक पडला नाही.

मराठीत विचारणाऱ्यांसाठी एक बारकावा इथे मुद्दाम देते, कारण इंग्रजीतल्या सल्ल्यांत तो सापडत नाही. मजकूर टोकनमध्ये तोडण्याची पद्धत मुळात इंग्रजीला सोयीची बनली होती. ओपनएआयने मे २०२४ मध्ये नवी पद्धत आणली तेव्हा दिलेल्या नमुन्यात, जुन्या पद्धतीत ज्या मराठी मजकुराला ९६ टोकन लागत होती, त्याला नव्या पद्धतीत ३३ लागली. त्याच आशयाच्या इंग्रजी मजकुराला २४ लागतात. म्हणजे जुन्या मॉडेलवर मराठी वापरणे खरोखरच जड होते आणि नव्यावर ती दरी बरीच बुजली आहे. यावरून मराठी सोडून इंग्रजीत विचारावे, असा अर्थ कोणी काढू नये. जिथे निवड करता येते तिथे नवे आणि लहान मॉडेल घ्यावे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

‘धन्यवाद’ लिहावे की नाही, असे मला पुष्कळ जण विचारतात. एका छोट्या संदेशाचा भार साध्या प्रश्नाहून मोठा नसतो. ९ वॅटचा एलईडी दिवा दोन मिनिटे जळतो तितका तो आहे. त्यावर जीव आटवू नये.

चित्र आणि व्हिडिओ: इथे हात आखडता घ्यावा

२०२५ मध्ये भारतात चॅटजीपीटीची एक योजना वर्षभर मोफत मिळू लागली आणि जिओच्या ग्राहकांना जेमिनीची वरची योजना १८ महिने मोफत देण्यात आली. त्यामुळे पूर्वी पैसे मोजावे लागत असलेली जड साधने घरोघरी आली आहेत. मोफत असले की मोजले जात नाही, ही अडचण आहे.

चित्र काढण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. आधीच उपलब्ध असलेला फोटो चालेल का ते पाहावे; मंडळाच्या मागच्या वर्षीच्या मूर्तीचा फोटो अनेकदा जास्त आपला वाटतो. चित्र हवेच असेल, तर वर्णन आधी कागदावर पूर्ण करावे: रंग, मांडणी, उभे की आडवे, मोकळी जागा कुठे. आणि चित्रात मराठी अक्षरे मागू नयेत. जोडाक्षरे, वेलांट्या आणि रफार यांत ही साधने वारंवार अडखळतात, आणि केवळ एका ‘त्स’साठी चित्रामागून चित्र काढले जाते. अक्षरांसाठी चित्रात वर किंवा खाली मोकळी पट्टी ठेवायला सांगावे आणि मजकूर नंतर आपण टाकावा. आमच्या सव्वीस चित्रांतली पंचवीस या एका नियमाने वाचली असती. छोटी चूक असेल, तर पूर्ण चित्र नव्याने न काढता फोन किंवा संगणकावर ती कापावी, झाकावी.

व्हिडिओबद्दल माझे मत स्पष्ट आहे: शुभेच्छा, सणांचे संदेश, गमतीची फिरती चित्रे यांसाठी तो काढूच नये. ज्या कामाला तो खरोखर लागतो, तिथे आधी कागदावर चौकटी काढून दृश्ये ठरवावीत, मग कमी रिझोल्यूशनमध्ये एकदा पाहावे आणि शेवटचा तेवढा पूर्ण दर्जाचा काढावा. भाचीने प्रकल्पातला पुढचा भाग फोनच्या कॅमेऱ्याने ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जाऊन चित्रित केला, आणि तो तिच्या शिक्षकांना अधिक आवडला.

नवा फोन आणि एसी यांच्याशी तुलना

‘एआय फोन’ म्हणून नवा फोन घेण्याचा मोह होत असेल, तर एक गुणाकार आधी करावा. एक स्मार्टफोन तयार होऊन वापरात राहीपर्यंत साधारण ५० ते ८० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि त्यातला मोठा वाटा तो कारखान्यात बनतानाचा असतो. ६० किलो धरले तर ०.३ वॅट-तासाच्या सुमारे २ लाख ८५ हजार साध्या प्रश्नांइतका हा भार होतो. रोज वीस प्रश्न विचारणाऱ्याला तिथवर पोहोचायला ३९ वर्षे लागतील. चालू फोनची बॅटरी बदलून तो आणखी दोन वर्षे वापरणे, हे कोणत्याही चॅटबॉट-संयमापेक्षा मोठे काम आहे.

दीड टनाचा इन्व्हर्टर एसी मेमहिन्यातल्या एका रात्रीत सहज पाच युनिट घेतो, आठवड्याला ३५. तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. म्हणजे एसी दोन अंशांनी वर ठेवला, तर आठवड्याला चार युनिटहून जास्त वाचतात, आमच्या घरच्या एकूण चॅटबॉट-वापरापेक्षा अधिक, व्हिडिओ धरूनही. ही तुलना चॅटबॉटला माफी देण्यासाठी केलेली नाही. आपली मेहनत कोणत्या क्रमाने खर्च करावी, हे तिच्यावरून कळते.

कार्यालय आणि शाळा

इथे माणसापेक्षा यंत्रणा जास्त प्रश्न विचारते. बैठकांचे टिपण आपोआप काढणारी साधने, प्रत्येक ईमेलचा सारांश, ग्राहकाला उत्तर देणारा बॉट, ही सारी कामे कोणी न सांगताही चालू असतात. प्रत्येक साधनासमोर एका व्यक्तीचे नाव लिहावे आणि महिन्यातून एकदा तिने सांगावे की त्यातून आलेला मजकूर खरेच कोणी वाचतो का. न वाचला जाणारा सारांश बंद करावा. हजारो नोंदी तपासण्याचे काम असेल, तर ते २४ तासांच्या मुदतीने ‘बॅच’ पद्धतीने द्यावे. मोठ्या कंपन्या त्यासाठी निम्मा दर आकारतात. वर्गीकरणासारख्या कामाला लहान मॉडेल पुरते. शाळांत प्रत्येक विद्यार्थ्याने वेगळे चित्र काढण्यापेक्षा वर्गाने मिळून एक वर्णन लिहावे. त्यात मुलांचे मराठीही सुधारते, असा वहिनीचा अनुभव आहे.

नागरिक म्हणून पुढची पायरी

वैयक्तिक वापराने प्रश्न सुटणार नाही, कारण वाढ फार वेगाने होते आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या एप्रिल २०२५ च्या अहवालानुसार जगभरच्या डेटा सेंटरनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ टेरावॅट-तास (एक टेरावॅट-तास म्हणजे शंभर कोटी युनिट), म्हणजे जगातल्या विजेच्या सुमारे दीड टक्का वीज वापरली, आणि २०३० पर्यंत हा आकडा सुमारे ९४५ वर जाईल. ती आजच्या संपूर्ण जपानच्या वापराहून थोडी जास्त वीज आहे. गूगलचे २०२३ मधले उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत ४८ टक्क्यांनी वाढल्याचे कंपनीनेच सांगितले आहे, आणि मायक्रोसॉफ्टनेही २०२० नंतर सुमारे २९ टक्के वाढ नोंदवली आहे. एक प्रश्न स्वस्त होत गेला तरी प्रश्नांची संख्या त्याहून वेगाने वाढली, तर एकूण भार चढतच राहतो.

म्हणून ऐरोली, रबाळे, महापे, पवई, चांदिवली या भागांत राहणाऱ्यांनी आपल्या शेजारच्या प्रकल्पांची कागदपत्रे वाचायला शिकावे. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर आणि त्याहून जास्त बांधकाम क्षेत्राच्या इमारत प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. अशा प्रस्तावांची कागदपत्रे केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर पाहता येतात. प्रकल्पाचे नाव किंवा जिल्हा टाकून शोधावे आणि चार गोष्टी वहीत उतरवाव्यात: रोज किती पाणी लागणार आणि ते कुठून येणार, किती पाणी प्रक्रिया करून पुन्हा वापरणार, एकूण वीजभार किती, आणि डिझेल जनरेटर किती क्षमतेचे आहेत. जनरेटरच्या धुरांड्यांची उंची आणि चाचणीच्या वेळा या शेजाऱ्यांसाठी सर्वांत निकडीच्या बाबी आहेत, कारण वीज गेल्यावर चालणारी ही यंत्रे अधूनमधून चाचणीसाठीही चालवली जातात.

वीजदर ठरवताना महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग सूचना आणि हरकती मागवतो. मोठ्या नव्या ग्राहकांसाठी उभारल्या जाणाऱ्या वाहिन्या आणि उपकेंद्रांचा खर्च कोणावर पडणार, आणि त्यांनी हरित वीज किती घ्यावी, हे प्रश्न तिथे सामान्य ग्राहकालाही लेखी मांडता येतात. सोसायटीचे लिफ्ट आणि पंपाचे मीटर हरित वीजदरावर घेण्याची सोयही राज्यात आहे. थोडा जादा दर द्यावा लागतो, आणि तो विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवता येतो.

मंजुरी मिळाली म्हणजे काम संपले, असे नाही. मंजुरीपत्रातल्या अटी पाळल्या का, याचा अहवाल प्रकल्पधारकाला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. या दोन तारखा आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवल्या आहेत आणि खाडीपलीकडच्या एका प्रकल्पाचा जूनचा अहवाल शोधून वाचण्याचे काम भाचीने स्वतःकडे घेतले आहे.